न पाहिलेली वर्तुळे

निवृत्तीनंतर काही वर्षे मी सोलापुरातल्या आमच्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर पदार्थविज्ञान शिकवत होतो. जागा भरल्या जात नव्हत्या आणि मला घरी करण्यासारखे काही नव्हते. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिके माझ्याकडे असत.

त्यांत एक प्रयोग इलेक्ट्रॉनच्या तरंगरूपाचा होता. काचेच्या निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यातून जातो आणि समोरच्या पडद्यावर दोन हिरवी वर्तुळे उमटतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकाच जागी आदळतो, कणासारखा. पण त्या असंख्य ठिपक्यांची मिळून वर्तुळे होतात, आणि तशी वर्तुळे लाटांपासूनच होऊ शकतात. व्होल्टेज वाढवले की तरंगलांबी घटते, वर्तुळ आक्रसते. हे मी इतक्या वेळा सांगितले होते की सांगताना माझे मलाच ऐकू येत नसे.

नळी बंद पडून बरीच वर्षे झाली होती. प्रयोग मात्र यादीत होता. विद्यार्थी आदल्या वर्षीच्या जर्नलमधून निरीक्षणे उतरवत आणि मी सही करत असे. सही नसलेले जर्नल घेऊन परीक्षेला बसता येत नाही.

एका वर्षी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात चाळीस जर्नले तपासून झाली. एक उरले. ते माढ्याकडच्या, वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलीचे होते. तिने निरीक्षणांचा तक्ता कोरा ठेवला होता.

"हे काय?"

"उतरवणार होते सर. पण जुन्या जर्नलात चूक हाय." तिने मैत्रिणीचे जर्नल पुढे केले. "हितं तीन हजार व्होल्टला वर्तुळ बावीस मिलिमीटर, पाच हजारला अठ्ठावीस. वाढतंय की. तुमी तर आक्रसतं म्हणालात."

मी पाहिले. तिचे बरोबर होते. कोणीतरी कधीतरी रकाना उलटा उतरवला होता आणि पुढच्या प्रत्येक वर्गाने तो तसाच उतरवला होता. खाली दरवर्षी माझी सही.

प्रयोगशाळेचा परिचर शेजारचे टेबल पुसत होता. सगळे त्याला मामा म्हणत. "आकडे उलटे कर आन् लिही की पोरी," तो म्हणाला. "नळीच्या पेटीत कोळ्याचं बिऱ्हाड हाय. त्यो काय साक्षीला येणार हाय व्हय?"

"मामा, तुमी तरी बघितली का वर्तुळं?"

"बघितली की. सरांनी पयल्यांदा दाखवली तवा मी खोलीतला दिवा लावायचाच इसरलो."

मी त्याला गप्प केले. "आकडे सरळ करून लिही आणि सही घेऊन जा," मी मुलीला म्हणालो.

"न बघता कसं लिहू सर?"

"वर्ष जाईल तुझे."

"व्हय सर," ती म्हणाली आणि तिथेच उभी राहिली.

मला राग आला. तो तिच्यावर नव्हता, हे कळायला थोडा वेळ लागला. मी लाल पेन घेऊन कोऱ्या तक्त्यावर लिहिले: नळी बंद आहे; वर्तुळे पाहिलेली नाहीत. खाली सही केली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते पान वाचले. "पाहिली नाहीत, मग इलेक्ट्रॉन तरंग आहे हे कशावरून?"

"सरांनी बघितलीत. त्यांच्या शब्दावर मी सूत्र मांडलंय. मोजलेलं न्हाय."

परीक्षक माझ्याकडे वळले. "मग बाकीच्या चाळीस जणांना कशी दिसली?"

शेजारी बसलेल्या विभागप्रमुखांनी माझ्याकडे पाहत 'नको' अशी मान किंचित हलवली. नळी नुकतीच बिघडली, एवढे म्हणणे पुरेसे होते.

"कोणालाच दिसली नाहीत," मी म्हणालो. "आकडे उतरवलेले आहेत. सह्या माझ्या आहेत."

त्या प्रयोगाचे गुण सर्वांचेच गेले. तिचेही गेले, कोऱ्या तक्त्याला गुण नसतात. तरी ती उत्तीर्ण झाली. त्या दिवशी व्हरांड्यात मुले माझ्याकडे न पाहता गेली.

"गप बसला असता तर चाललं असतं की सर," मामा म्हणाला.

"चालतच होते," मी म्हणालो.

नवी नळी मागवावी, असा अर्ज मी विभागात दिला. त्याचे उत्तर आले नाही. प्रयोग यादीतून काढल्याचे मामाकडून कळले. जूनमध्ये नव्या वर्षाच्या तासिकांचे नेमणूकपत्र आले नाही, आणि मी विचारायला गेलो नाही.