ढगांवर जीव असलेले मामा

सोलापूरच्या आभाळात आले नसतील इतके ढग आमच्या मामेसासऱ्यांनी एकट्याने कागदावर आणले. बहात्तरच्या दुष्काळात तर ढग बघायचा झाला तर भवानी पेठेत त्यांच्या घरीच जावं लागे. चित्रातलं शेत, झाड, देऊळ सगळं चालचलाऊ. जीव काय तो वरच्या ढगात. पांढरा रंग मात्र त्यांनी घरात येऊ दिला नाही. "ढग काढायचा नसतोय, सोडायचा असतोय," असं ते बजावत. म्हणजे कागद ओला करायचा, भोवती निळा रंग पसरू द्यायचा आणि मधला कागद कोरा ठेवायचा. पण आमच्या उन्हात ओला कागद पापडासारखा वाळतो आणि ढगाला सुरीने कापल्यासारखी कड येते. म्हणून मामा चहूबाजूंनी ओल्या चादरी टांगून आत बसत. एकदा माझे वडील त्यांना भेटायला गेले, ते चादरींआडचं कण्हणं ऐकून थेट डॉक्टरांनाच घेऊन आले! कसला आजार आणि कसलं काय, मामांचा ढग बिघडला होता. ओला रंग टिपायला त्यांना कापूस लागे, तो मामींच्या वातींचा. "देवाला अंधारात बसवा अन् आभाळ उजळा तुम्ही!" मामी ऐन आरतीच्या वेळी करवादत.

पुढे सावलीच्या राखाडीऐवजी पिवळा रंग लागून मामांचे ढग पिवळे पडू लागले. काय सुरेख संध्याकाळ उतरलीय, म्हणून आम्ही वाहवा केली, तर मामा भडकले. "संध्याकाळ कुठली? भर दुपारचे पांढरेधोप ढग हायत की!" मामींनी त्यांना तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. मोतीबिंदू निघाला. उजवा डोळा काचबिंदूने आधीच गेलेला, आता सारी भिस्त या डाव्यावर. ऑपरेशन फसलं तर कायमचा अंधार. दवाखान्यात जायच्या सकाळी मामांनी ब्रश धुऊन कपाटात ठेवले आणि कुलूप लावलं. त्या कुलपाचीच मला जास्त भीती वाटली.

पट्टी सुटली, नाकावर जाड भिंगांचा चष्मा चढला. मामा खिडकीबाहेर बघत राहिले. आमचा जीव टांगणीला. आणि एकदम खेकसले, "कसली कडक कड आलीय त्या ढगाला!"

हुश्श! इतकी गोड कुरकुर मी जन्मात ऐकली नव्हती. मी तर वॉर्डातल्या अनोळखी माणसालाही मिठी मारली.

मग मामा मामींकडे वळले आणि बघतच राहिले.

"अगं, केस कधी पांढरे झाले तुझे?"

"झाले की केव्हाच. तुमचं लक्ष वर होतं."

मामींनी लाजून पदर डोक्यावर ओढला.

"राहू दे गं," मामा हळूच म्हणाले, "बघू दे की नीट."