चाकावरची खडूची रेघ

"तांडेलाला 'का' विचारायचं नाही." आमच्या घरातला हा नियम मला बोलता यायच्या आधीपासूनचा. होडीवर तांडेल म्हणजे कॅप्टन. तो म्हणाला जाळं टाका, की टाकायचं. माझे काका धाकट्या डहाणूला वीस वर्षं तांडेल होते. मग गुडघे गेले, होडी विकली आणि सरावलीत गॅरेज टाकलं. होडी गेली, नियम राहिला. अशा गॅरेजमध्ये किस्से ऑइलच्या रिकाम्या डब्यांसारखे साचतात, कोणी टाकून देत नाही. यंदाचे बहुतेक ऑटोक्रॉसचे.

तलासरीजवळच्या मैदानात ती होणार होती. प्लास्टिकचे कोन मांडून केलेला वळणावळणाचा मार्ग, एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी शर्यत. मी महिनाभर आमच्या जुन्या हॅचबॅकमागे लागले होते. काकांनी निकाल दिला, "गाडी तू तयार कर. चालवेल नीलेश." नीलेश म्हणजे काकांचा मुलगा. स्वभावाने सोनं, पण रिव्हर्स घेताना त्याला अजून मागे मी उभी लागते. मी बाबांकडे बघितलं. बाबांनी पाना पुसायला घेतला.

ड्रायव्हरचं नाव शर्यतीच्या दिवशी मैदानावरच लिहायचं होतं. म्हणून मी तेव्हा गप्प बसले.

*

गाडीत एकही सुटी वस्तू चालत नाही. रिकामी करायला घेतली तर सीटखाली छत्री, एक चप्पल आणि सुक्या बोंबलांची पिशवी. ती आई दिवाळीपासून शोधत होती. काका अडले ते नारळावर.

"पूजेचा आहे. राहील."

"वळणावर ब्रेकखाली येईल, काका."

"नाही येत."

आणि स्वतः गाडी घेऊन त्यांनी गॅरेजमागे एक कडक वळण मारलं. नारळ घरंगळत थेट ब्रेकखाली. हँडब्रेक ओढून ते उतरले, नारळ पायरीवर फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. "गाडीबरोबरच जाणार तो," म्हणाले, "आपल्या पोटातून."

चूक कबूल करायची इतकी चविष्ट पद्धत मी दुसरीकडे पाहिली नाही.

*

जयंतीभाई अच्छाडला ट्रकचे टायर बघतात. काकांचे जुने दोस्त. टायरवर लोखंडी रॉड मारतात आणि आवाजावरून हवा सांगतात. आमच्या चारही टायरांची सांगितली. मी मीटर लावून बघितलं. चारही बरोबर.

मी म्हटलं, "मग मीटर कशाला घेतला मी?"

"घे बेन, घे. उद्या मला सर्दी झाली तर?"

*

हेल्मेटची सवय व्हावी म्हणून मी आठवडाभर ते घालूनच गॅरेज झाडलं. एक गिऱ्हाईक बाबांना म्हणालं, "छप्पर पडायला आलंय का?"

बाबा म्हणाले, "नाही, पोरगी तयार होतेय." मग काकांकडे बघून हळूच, "गाडी, म्हणजे गाडी तयार करतेय."

*

टायरच्या कडेला खडूची रेघ मारतात. फेरीनंतर ती किती पुसली ते बघायचं, म्हणजे वळणावर टायर किती कलंडला आणि हवा किती कमी-जास्त करायची ते ड्रायव्हरला कळतं. काकांना हे तीनदा समजावलं. "बरं," म्हणाले. त्यांच्या "बरं"चा अर्थ आजवर कोणाला लागलेला नाही.

निघायच्या सकाळी बाबांनी गाडी धुतली आणि मी मारलेल्या चारही रेघा घासून काढल्या. "घाण लागली होती गं टायरला."

*

मैदानावर कोनांमधून आधी पायी फिरू देतात. काका गुडघे ओढत माझ्यापुढे चालले. ओहोटीला खाडीचं तोंड पायी बघून ठेवायचे, तसे. शेवटच्या वळणावर थांबून म्हणाले, "खुणेच्या बोयाकडे बघत राहिलं की होडी बोयावरच जाते. नजर पुढच्या पाण्यावर ठेवायची."

मी हे सगळं इंटरनेटवर महिनाभर वाचलं होतं. एवढं स्वच्छ कुठेच नव्हतं.

मग ते म्हणाले, "नीलेशला नीट सांग हे."

*

नावं नोंदवायच्या टेबलाशी मी पेन उचललं. मागे काका, बाबा, जयंतीभाई. नीलेशने हेल्मेट गरम पातेल्यासारखं धरलं होतं.

"नीलेशचं नाव लिही," काका म्हणाले.

"का?"

बाबा पुटपुटले, "अगं, तांडेलाला..."

"का ते सांगा, काका. गाडी मी रिकामी केली, हवा मी मोजली, कोन मला पाठ आहेत. कारण असेल तर ऐकते. नसेल तर त्याचं नाव मी लिहिणार नाही."

काकांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी जयंतीभाईंकडे. जयंतीभाईंनी हातातल्या रॉडकडे.

मी माझं नाव लिहिलं, नीलेशच्या हातून हेल्मेट घेतलं आणि गाडीत जाऊन बसले.

पट्टा लावून मान वर केली, तर काका पुढच्या चाकाशी दोन्ही गुडघे टेकून बसले होते. त्यांनी खिशातून खडू काढला आणि टायरवर रेघ मारली.