चहाची तक्रार

कागदी कपातल्या पांचट चहाचा वास आला की मला दिल्लीतल्या हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग आठवतो. आई तेव्हा कित्येक महिने कशालाच काही म्हणत नव्हती. माझी अळणी भाजीसुद्धा मुकाट्याने खायची. मयूर विहारहून दर मंगळवारी मी तिला तिथे न्यायचे. एकदा नर्सने उपचारांबद्दल समाधानी आहात का, असा फॉर्म दिला आणि आईने तो चक्क मराठीत भरला. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "पढ़कर सुनाइए." आईने लिहिलं होतं, 'डॉक्टर उत्तम. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. आलं नाही तर निदान पत्ती तरी टाका.' मी ओशाळत ते हिंदीत सांगितलं, तशा बाई खुर्चीतून उठल्याच. "शिकायत की है? अब ठीक हो रही हैं!" अजूनही सकाळी आईने माझ्या चहाला नावं ठेवली, की माझा दिवस चांगला जातो.