ब्लाउजच्या बाहीतला तारा

नोकरी बेळ्ळंदूरला आणि घर जयनगरला, असं सांगितलं की बेंगळुरूचा माणूस मधलं ट्रॅफिक आठवून माझ्याकडे दयेनं बघतो. पण आठवड्यातले तीन दिवस मी घरूनच काम करायचे, आणि वरच्या मजल्याला गच्ची होती, म्हणून मी ते घर घेतलं. घरमालक खालीच राहायचे. मूळचे निपाणीकडचे. घरात मराठी, पण या शहरात पन्नासेक वर्षं काढलेली, त्यामुळे बोलता बोलता 'स्वल्प थांब' आणि 'बरं'च्या जागी 'सरी, सरी' यायचंच. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. मीही तेच म्हणू लागले.

पहिल्याच आठवड्यात गिझरचा स्विच बिघडला. इलेक्ट्रिशियन येऊन नवा बसवून गेला आणि दहा मिनिटांत अण्णा टेस्टर घेऊन वर आले. ऐंशीला टेकलेला माणूस, पण स्टुलावर चढून त्यांनी स्विच उघडला, आतली प्रत्येक वायर ओढून बघितली, बंद केला, आणि परत उघडून परत बघितली.

"अण्णा, त्याने नीट बसवलाय," मी म्हणाले.

"तुम्ही सॉफ्टवेअरवाले. चाललं तर चाललं, नाही चाललं तर बंद करून परत चालू. वायरचं तसं नसतंय."

अक्का दारात उभ्या होत्या. "बघू दे त्यांना," त्या शांतपणे म्हणाल्या. "एकदा यांच्या हातून रॉकेट बिघडलंय. तेव्हापासून असंच आहे."

मला ती थट्टा वाटली. आमच्या घरी बाबांना पंक्चर काढता आलं नाही की आई असंच काहीतरी बोलायची. पण अण्णा हसले नाहीत. स्टुलावरून उतरले आणि खाली गेले.

पुढच्या रविवारी अक्कांनी थालीपिठं खायला बोलावलं, तेव्हा कळलं की रॉकेट खरंच होतं.

अण्णा बाविशीत मुंबईच्या एका संशोधन संस्थेत तंत्रज्ञ होते. तेव्हा आकाशातले क्ष-किरण हे नवंच प्रकरण होतं. सूर्याकडून ते येतात एवढं ठाऊक होतं. तारे इतके लांब, की त्यांच्याकडून मोजण्याइतकं काही येईल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. "मग अमेरिकेत काही लोकांनी चंद्र बघायला म्हणून रॉकेट सोडलं," अण्णा सांगत होते. "चंद्राकडून काहीच मिळालं नाही. पण वृश्चिक राशीच्या बाजूनं एवढे क्ष-किरण आले की त्यांना आधी स्वतःच्या यंत्राचीच शंका आली. चंद्र बघायला गेले आणि विंचू सापडला."

"मी इथं बाजारात पडद्याचं कापड आणायला गेले होते आणि हे सापडले," अक्का म्हणाल्या. "त्या दुकानात यांची मावशी होती."

त्या बातमीनंतर काही वर्षांनी आपल्याकडच्या लोकांनीही केरळच्या किनाऱ्यावरून रॉकेटं सोडली. क्ष-किरण हवेत अडकतात, जमिनीपर्यंत पोचत नाहीत, म्हणून यंत्र हवेच्या वर न्यायचं. रॉकेट वर जाऊन खाली येईपर्यंत जी काही मिनिटं मिळतील त्यात काय दिसेल ते बघायचं. यंत्र म्हणजे गॅस भरलेला धातूचा डबा, त्याला पातळ खिडकी, आत एक तार आणि तारेला खूप मोठा विजेचा दाब. ती तार आणि तिचे सगळे जोड अण्णांनी कथील वितळवून डागले होते.

"रॉकेट गेलं. डब्याला जे मिळेल ते रेडिओनं खाली येत होतं. खाली कागद सरकत होता, त्यावर पेन रेघ काढत होतं. सुरुवात चांगली झाली. आणि मग पेन वेडंवाकडं नाचायला लागलं, ते थांबलंच नाही. आमच्या साहेबांनी कागदाकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, जोड सुटलाय. सगळ्यांसमोर. त्या कागदाची सुरळी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, घरी नेऊन भिंतीवर लाव."

"लावलीत?"

"नाही. दोन महिन्यांनी ती नोकरी सोडली. इथं एका कारखान्यात मीटर बनवायचे, तिथं लागलो. निवृत्त होईपर्यंत तिथंच."

मी विचारलं, सुरळी कुठे आहे? अण्णा म्हणाले, असेल कुठंतरी. अक्का म्हणाल्या, कुठंतरी नाही, माळ्यावर निळ्या पेटीत.

मी काही खगोलशास्त्रज्ञ नाही. ऑफिसात मी दिवसभर इतरांच्या चुका शोधते आणि त्या त्यांना सौम्य इंग्रजीत कळवते. पण जुन्या चुकीचा असा आयता पुरावा समोर आला की माझ्या हाताला खाज सुटते. त्याच दिवशी सुरळी खाली आली. पिवळा पडलेला, हातभर रुंद कागद. कडेला दर सेकंदाला एक बारीक खूण आणि मधे शाईची रेघ. आम्ही ती दिवाणखान्यापासून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीवर पसरली. सोबत अण्णांची तेव्हाची वहीही निघाली. रॉकेट कितव्या सेकंदाला हवेच्या वर जाणार, कितव्याला सर्वांत उंच असणार आणि कितव्याला परत हवेत शिरणार, ते त्यांच्या कोरीव अक्षरात लिहिलेलं होतं.

रेघेत ठराविक अंतरानं एकेक उंचवटा येत होता. "रॉकेट स्वतःभोवती फिरतंय," अण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. "दर फेरीला खिडकी एकदा विंचवाकडे बघते, तेव्हा रेघ वर जाते. हे खरं आहे. हे आकाशातनं आलंय." एवढ्या वर्षांत त्यांनी तो कागद उलगडलाच नव्हता, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं.

पेनाचा धिंगाणाही दिसला, अगदी शेवटी. पण त्याच्या आधी कागद सरळ रेषेत कापलेला होता. मधला मोठा तुकडा गायबच.

"हे काय?" मी विचारलं.

अण्णांनी अक्कांकडे बघितलं. अक्का तव्यावरचं थालीपीठ उलटत होत्या. "माझ्याकडे काय बघताय? नवीन लग्न झालेलं. शिवणाच्या क्लासला कागद आणा म्हणून सांगितलेलं. घरात कागद होता."

"तू विंचू कापलास?"

"मी ब्लाउज कापला. चांगला झाला होता."

पुढचा रविवार आम्ही अक्कांच्या शिवणाच्या ट्रंकेत घालवला. पाठीचा तुकडा लगेच सापडला. तो त्यांनी तीन नणंदांना आणि एका सुनेला वापरायला दिला होता, आणि प्रत्येकीनं त्यावर आपापली मापं लिहिली होती. पुढचे भाग तळाशी निघाले. बाही मात्र मिळेना. अक्कांनी निपाणीला बहिणीला फोन केला, आणि चार दिवसांनी कुरिअरनं बाही आली, सोबत चकल्यांची पिशवी. अण्णांनी आधी पिशवी उघडली. मला वाटतं, त्यांना भीती वाटत होती.

मी सगळे तुकडे स्कॅन करून लॅपटॉपवर जोडले. गळ्याच्या जागी कागदच नव्हता आणि मुंढ्याच्या गोलाईत कडेच्या खुणा कापल्या गेल्या होत्या, पण उंचवट्यांचं अंतर ठरलेलं होतं, त्यामुळे गेलेले सेकंद भरून काढता आले. पाठीवरून पुढच्या भागावर, तिथून बाहीवर, एकेक उंचवटा शिस्तीत येत होता. रॉकेट सर्वांत उंच गेलं तो क्षण अक्कांच्या डाव्या खांद्यावर पडला. त्यानंतरही उंचवटे चालूच होते. धिंगाणा सुरू झाला तो बाहीच्या टोकाला.

मी सेकंद मोजले आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघितले. "अण्णा, पेन बिघडलं तेव्हा रॉकेट खाली येत होतं. तुमच्या वहीप्रमाणे परत हवेत शिरत होतं."

"परत मोज."

मी परत मोजले.

"बाजूला हो." चष्मा कपाळावर सरकवून, पडद्याला नाक लावून, त्यांनी स्वतः मोजले. मग कागदावर मोजले. मग पेन्सिल घेऊन मोजले. तिन्ही वेळा तेच आलं. ते खुर्चीत मागे टेकले.

"विरळ हवा," ते म्हणाले. "खाली दाट हवा असते, तिथं ठिणगी उडत नाही. अगदी वर हवाच नाही, तिथंही नाही. मधल्या विरळ हवेत मोठ्या दाबाची वीज कशीही उडते. जोड कितीही चांगला असला तरी. वर जाताना दाब हवा संपल्यावरच चालू व्हायचा, पण खाली येताना तो चालूच राहायचा. हे तर मला तेव्हाही ठाऊक होतं."

"मग तेव्हा का नाही म्हणालात?"

"साहेब म्हणाले जोड सुटला. मला वाटलं, सुटला असेल."

त्या गटातल्या एकाच माणसाचा नंबर अण्णांकडे होता, तो धारवाडला स्थायिक झालेला. नवीन वर्षाला एकमेकांना मोबाइलवर फुलांचं चित्र पाठवायचं, एवढाच संबंध. मी आग्रह केला, अक्कांनी फोन हातात दिला, आणि अण्णांनी स्पीकर लावून त्यांना सगळं सांगितलं. सेकंद, विरळ हवा, बाही.

पलीकडून ते गृहस्थ म्हणाले, "ते होय. ते आम्हाला पुढच्याच उड्डाणाच्या वेळी कळलं की. खाली येताना विजेचा दाब आपोआप बंद होईल असं बटण बसवलं, आणि मग काही त्रास नाही. तुला कुणी सांगितलं नाही?"

"नाही," अण्णा म्हणाले.

"साहेब म्हणाले होते, त्याला पत्र टाका. मला वाटलं दुसऱ्यानं टाकलं."

"सरी," अण्णा म्हणाले. फोन ठेवला. मला त्या साहेबांचा, त्या मित्राचा, न टाकलेल्या पत्राचा असा राग आला की मी चकली मोडून तशीच हातात धरून बसले. एका सुटलेल्या जोडाच्या नावाखाली माणसानं शहर बदललं होतं, काम बदललं होतं, आणि जोड सुटलाच नव्हता.

अक्का त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. त्यांनी बाहीचा कागद उचलून गुडघ्यावर सरळ केला.

"पत्र आलं असतं तर तुम्ही मुंबईला परत जाऊन राहिला असता," त्या म्हणाल्या. "एका खोलीत. डबे डागत."

"तारे बघत."

"आणि मी पडद्याचं कापड घेऊन घरी गेले असते." बाहीची सुरकुती मोडत त्या म्हणाल्या, "चांगलं स्थळ सांगून आलं होतं मला. बँकेत होता."

अण्णा तेव्हा हसले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यातलं हसणं किती आणि दुसरं काय किती, ते मी विचारलं नाही.

महिन्याभरानं दोघं धारवाडला गेली. मी जोडलेल्या रेघेची अण्णांनी मोठी प्रिंट काढून घेतली होती आणि ती चुरगळू नये म्हणून प्लास्टिकच्या नळीत घातली होती. त्यांना सोडायला मीही रिक्षातून स्टेशनला गेले; नळी अण्णांच्या मांडीवरच होती. सिग्नलला रिक्षावाल्यानं कन्नडमध्ये विचारलं, नळीत काय आहे, आणि अण्णांनी त्याला चंद्रापासून सुरुवात करून सगळं सांगितलं. स्टेशन आलं तेव्हा ते जेमतेम विंचवापर्यंत पोचले होते. रिक्षावाल्यानं सामान उतरवलं आणि पुढचं ऐकायला तसाच उभा राहिला. शेवटी अक्कांनीच गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं.

चार दिवसांनी दोघं परत आली, तेव्हा मी उत्सुकतेनं खाली गेले. मला वाटलं होतं, दोन म्हाताऱ्यांनी प्रिंट जमिनीवर पसरून पन्नास वर्षांचा हिशोब मिटवला असेल.

"काय बोललात?" मी विचारलं.

"त्याच्या गुडघ्याबद्दल," अण्णा म्हणाले. "वाटी बदलायची म्हणतात डॉक्टर. मी म्हटलं, आधी दुसऱ्याला दाखव."

"आणि प्रिंट?"

"त्यानं ठेवून घेतली. भिंतीवर लावतो म्हणाला."

अक्का आतून म्हणाल्या, "लावली की. यांनी स्वतः खिळा ठोकला. चारदा."