गेटवरची पंधरा मिनिटं

तो तपास आठवला की आजही माझेच कान तापतात.

कुपवाडच्या एका पंप कारखान्यातून नव्या पंपाची ड्रॉइंग्ज चोरीला गेली होती. दिवसपाळीचा सुपरवायझर आपणहून ठाण्यात आला. "गेटवरच्या कॉम्प्युटरवरनं कॉपी झालीय, साहेब. सहानंतर तिथं फौजीच असतोय." फौजी म्हणजे रात्रपाळीचा रखवालदार, सैन्यातून निवृत्त झालेला माणदेशी गडी. त्या कॉम्प्युटरच्या नोंदीत वेळ होती सहा वाजून पाच मिनिटं आणि गेटच्या वहीत फौजीनं मनगटावरचं घड्याळ बघून केलेली सही होती बरोबर सहाची. आणखी काय पाहिजे?

दोन दिवस त्याला ठाण्यात बसवलं. आवाज माझाच चढत होता, त्याचा नाही.

"आवं साहेब, सव्वीस जानेवारीला गावात झेंडा माझ्या हातनं चढतोय. चोर म्हणून नेलं तर कुठल्या तोंडानं चढवू?"

"मग कबूल कर आणि मोकळा हो," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी अटक करायचं ठरवूनच पंचनाम्याला कारखान्यात गेलो. तिथलं नेटवर्क सांभाळणाऱ्या मिरजेच्या बाई म्हणाल्या, "एकट्या गेटची नोंद कशाला बघता? सगळ्या मशीनच्या नोंदी माझ्या सर्व्हरवर येतात." सर्व्हर कसला, अडगळीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी काही महिन्यांपूर्वी उभा केलेला! प्रत्येक नोंदीपुढे दोन वेळा होत्या. एक मशीननं सांगितलेली, दुसरी ती नोंद सर्व्हरवर पोचल्याची. आमच्या आवक रजिस्टरसारखंच. पत्रावर तारीख काहीही असो, आपला शिक्का मिळाल्या दिवसाचा.

बाकी मशीनच्या दोन्ही वेळा जुळत होत्या. गेटचा कॉम्प्युटर तेवढा रोज पंधरा मिनिटं पुढे. म्हणजे कॉपी झाली पाच पन्नासला.

मालक डोकं खाजवत म्हणाले, "हजेरी त्याच्यावरच लागते. लोक वेळेत यावेत म्हणून मीच पुढं करून ठेवलंय."

सहापर्यंत हजेरी बघायला त्या खुर्चीवर सुपरवायझर बसायचा. दोन्ही वेळा समोर ठेवल्यावर त्यानं पाणी मागितलं आणि घडाघडा बोलला. पेन ड्राइव्ह त्याच्या स्कूटरच्या डिकीत सापडला.

फौजीची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. त्यानं टोपी नीट केली.

"साहेब, पैल्याच दिवशी सांगितलं हुतं, ते घड्याळ लय पुढं हाय. तुमी लिवून घेतलं न्हाई."

ठाण्यात येऊन त्याचा जबाब काढला, दोनदा वाचला. ते वाक्य त्यात खरंच नव्हतं. त्या वेळी मला ती पळवाट वाटली होती. अडगळीतल्या मशीननं आलेलं सगळं लिहून ठेवलं आणि मी मला पटलं तेवढंच. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत जबाब घेताना जे वाक्य मला फालतू वाटलं, ते आधी लिहून घेतलं.