सास्तूरच्या बाजारातली बारा वाजून वीस मिनिटं

आमच्या खगोल मंडळानं शून्य सावलीचा पहिला कार्यक्रम मांडवात बसून केला. हे वाक्य लिहितानाही मला घाम फुटतो. मे महिन्यात एके दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली जाते. ती गंमत दाखवायला लोकांना बोलवायचं, आणि ऊन फार म्हणून वर कापड बांधून त्यांना सावलीत बसवायचं, हे आम्हालाच सुचू शकतं.

मंडळ म्हणजे धाराशिवातल्या एका वाचनालयाची मागची खोली, एक फळा, एक दुर्बीण आणि शनिवारी संध्याकाळी साडेपाचला जमणारी चौदा माणसं. अध्यक्ष आमचे सर. हायस्कुलात त्यांनी मला गणित शिकवलं. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण खडू हातात घेतला की समोरचा माणूस साठीचा असला तरी त्याला आठवीतला करून टाकतात. मी जमीन मोजणीच्या खात्यात नोकरी केली. तीस वर्षं भांडणाऱ्या भावांच्या मधे उभं राहून हद्दी दाखवल्या, शिव्या खाल्ल्या आणि तितक्याच परत दिल्या. माझा पारा चटकन चढतो हे घरीदारी सगळ्यांना माहीत आहे. फक्त सरांसमोर माझी वाचा बसते.

मंडळात सर सगळ्यांना दुरुस्त करत. तेरखेड्याचे एक सभासद आहेत, पिढीजात फटाके करणारे. त्यांनी एकदा जाळाच्या रंगांवर असं झकास व्याख्यान दिलं की आजही आम्ही ते आठवतो. दिव्याच्या ज्योतीवर त्यांनी एकेक चिमूट टाकली. तांब्याच्या क्षाराचा हिरवा जाळ, दुसऱ्या कसल्याशा भुकटीचा लालभडक, आणि शेवटी स्वयंपाकघरातलं मीठ. जाळ पिवळाधम्मक झाला. “ह्योच पिवळा सूर्याच्या उजेडात बी घावतो,” ते म्हणाले, “म्हंजी सूर्यात बी मीठ हाय.”

“मीठ नाही, सोडियम,” सर म्हणाले.

“तेच की सर,” ते म्हणाले आणि पुढची पुडी सोडली. सर बोलले की विषय संपला, असा आमचा रिवाज. सरांना मात्र कुणी दुरुस्त करत नसे. तशी वेळच येत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

वेळ आली ती त्या पहिल्या कार्यक्रमाला. आठवडाभर आधीच्या शनिवारी सरांनी पुण्याच्या वर्तमानपत्रातलं कात्रण वाचून दाखवलं, बारा एकतीसला सावली जाणार. माझ्या खिशात चिठ्ठी होती. तिच्यावर मी रात्री जागून केलेला हिशेब होता, आपल्या गावाची वेळ बारा बावीस. पुण्याची वेळ पुण्याची, आपण पूर्वेला, आपल्याकडे सूर्य आधी माथ्यावर येणार. एवढंच बोलायचं होतं. पण भरल्या खोलीत सरांना चुकीचं ठरवायचं म्हणजे काय, या विचारानं मी हात खिशाबाहेर काढलाच नाही. चिठ्ठी खिशातच धुतली गेली.

शाळेच्या मैदानावर मांडव घातला, पाहुणे आले, उशिरा आले, आणि सत्कार सुरू झाले. आधी पाहुण्यांचा, मग पाहुण्यांच्या हस्ते आमचा. बारा बावीसला मी व्यासपीठावर, खांद्यावर शाल, हातात नारळ. मांडवाच्या बाहेर शाळेचा झेंड्याचा खांब दिसत होता. त्याची सावली नव्हती. खांब उभा, आणि जमिनीवर काही नाही. शंभर माणसांत ते मी एकट्यानं पाहिलं आणि नारळ धरून गप्प उभा राहिलो. बारा एकतीसला पाहुणे सगळ्यांना घेऊन बाहेर आले तेव्हा खांबाच्या पूर्वेला वीतभर सावली पडली होती.

“हाय की सावली, ही काय,” एक बाई म्हणाल्या.

पाहुणे हसले. लोक हसले. संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या फोनांवर एक ओळ फिरत होती, ‘सावली सापडली, मंडळ हरवलं.’ सरांना दुधाच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात लोक विचारू लागले, काय सर, आज सावली हाय का? सर हसून पुढं जात. शनिवारी मात्र ते खुर्चीत अंग चोरून बसत, कुणाला दुरुस्त करत नसत. तेरखेडकरांनी मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलून पाहिलं, तरी सर गप्प. शेवटी एकदा म्हणाले, “पुढच्या मे महिन्यात एकवार करून बघू. नाही जमलं तर खोलीची किल्ली वाचनालयाला परत करू. लोकांत हसं करून घ्यायला मंडळ नको.”

माझी झोप उडाली. चूक सरांची होती, पण मंडळ बुडणार होतं ते माझ्या गप्प बसण्यानं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सगळे गेल्यावर मी खोलीत मागं राहिलो आणि सरांना सगळं सांगून टाकलं.

“तुला कधी कळलं होतं?” सरांनी विचारलं.

“आठ दिवस आधी, सर.”

“आणि त्या दिवशी?”

“खांबाकडं बघत होतो. सावली गेलेली मी पाहिली.”

सर फळ्याकडं वळले. “म्हणजे कार्यक्रम झाला होता,” ते म्हणाले. “एकट्यासाठी.” मग त्यांचा आवाज चढला. मेपासून पहिल्यांदाच चढला, म्हणून मला तो गोडही लागला. “मी तुला गणित शिकवलं. चुकीच्या उत्तराला मान द्यायचा हे तुला कुणी शिकवलं?”

मान खाली घालून उभा राहिलो. वयाच्या साठाव्या वर्षी वर्गात उभं राहण्याची शिक्षा भोगली.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला फळ्यापाशी बोलावलं आणि चौदा जणांसमोर हिशेब मांडायला लावला. पुण्याहून आपण सव्वादोन अंश पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे नऊ मिनिटं आधी. सरांनी प्रत्येक पायरी तपासली आणि बावीस या आकड्याभोवती स्वतः गोल काढला. मग म्हणाले, “यंदा वेळ तू सांगायची. तुझ्या तोंडानं, माइकवरून.” मी आयुष्यात माइक धरलेला नव्हता. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “मोजणीला शिवारभर ऐकू जाईल असं वरडता की. तसंच वरडा.”

मार्चपासून रोज दुपारी मी गच्चीवर काठी रोवून, ओळंब्यानं सरळ करून, तिची सगळ्यात आखूड सावली कधी पडते ते नोंदवू लागलो. बायकोनं तेवढ्यात तिथंच कुरडया वाळत घातल्या. “सावल्या राखताच तर कावळे बी राखा,” म्हणाली. राखले. कुरडयाही चांगल्या झाल्या आणि हिशेबही जुळला.

जागा सरांनी ठरवली. मांडव घालून लोकांना बोलवायचं नाही, लोक उन्हात उभेच असतात तिथं जायचं. तेरखेडकरांची सासुरवाडी सास्तूरची. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, रस्ते सरळ, मोकळी जागा भरपूर. आम्हाला हवा तो दिवस तिथल्या आठवडी बाजाराचाच निघाला. तेरखेडकरांना वेळ झाल्याची खूण म्हणून आकाशात बार उडवायचा होता. “आन् बैलं उधळली तर?” मी खेकसलो. ते दिवसभर फुगून बसले, पण ग्रामपंचायतीचा भोंगा त्यांनीच मिळवून दिला.

आदल्या संध्याकाळी मला कळलं की बावीस हा आकडा धाराशिवचा. सास्तूर आणखी पूर्वेला. तिथं वीस. सकाळी जीपमध्ये सरांना सांगायचं ठरवलं होतं, पण तेरखेडकर सासुरवाडीच्या गोष्टी सांगत राहिले, सर हसत होते, खूप दिवसांनी हसत होते, आणि मी म्हटलं उतरल्यावर सांगू. उतरल्यावर बोअरचा लोखंडी पाइप उभा करण्याच्या गडबडीत राहून गेलं. माणसाएवढा पाइप, बुडाशी वीतभर फट ठेवून खाली पांढरा कागद. सूर्य बरोबर माथ्यावर आला की कागदावर उजेडाचं पूर्ण वर्तुळ पडणार. मी ओळंबा लावून तो काटेकोर उभा केला.

बारा वाजता बाजार ऐन रंगात होता. दर विक्रेत्याच्या डोक्यावर पाल बांधलेलं, आणि पालाबाहेर यायला कुणी तयार नाही. बारा बाराला सरपंच आले, मागं एक माणूस शाल-नारळाचं ताट घेऊन. गेल्या वर्षीसारखंच होणार असं मला वाटलं. पण सरांनी हात जोडले. “सत्कार नंतर करा. आधी सावलीला जाऊ द्या.” सरपंचांनी ताट केळीवाल्याच्या गाडीवर ठेवलं आणि आमच्याबरोबर उन्हात उभे राहिले.

बारा पंधराला मी माइक हातात घेतला. लिहून नेलेलं भाषण होतं. पहिल्या ‘बंधू-भगिनींनो’लाच आवाज चिरकला. दोन-चार जण हसले. मग माझं डोकं फिरलं आणि तीस वर्षांची सवय आपसूक तोंडात आली. “सगळे पालाबाहेर या! सरळ उभं राहा! हलू नका, आपापल्या पायाकडं बघा!” शिवाराच्या दुसऱ्या टोकाला झेंडी धरून उभ्या माणसाला ओरडावं तसा ओरडलो. आणि बाजार बाहेर आला. भाजीवाल्यांनी किलोची मापं उभी मांडली, सोडावाल्यानं बाटल्यांची रांग लावली, बायका टोपल्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. कधी नव्हे तो बाजार शांत झाला.

मी खाली बसून पाइपाच्या बुडाच्या फटीतून कागदाकडं पाहिलं. उजेडाचं वर्तुळ भरत आलं होतं. बारा वीस.

सरांनी घड्याळ पाहिलं आणि माझ्या हातातल्या माइककडं झुकून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “थोडं थांबा. अजून दोन मिनिटं आहेत.”

लोकांनी माना वर केल्या. खरं तर दोन मिनिटांनी बाजाराला काही फरक पडला नसता. तेवढ्यात माणसाची सावली काही फार पसरत नाही. पण मला तो खांब आठवला, खांद्यावरची शाल आठवली. सर माझ्याकडं बघत होते. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. माइक चालू होता.

“नाही सर,” मी म्हणालो. भोंग्यातून ते चारी गल्ल्यांत गेलं. “बावीस धाराशिवला. इथं वीस. तुम्ही चुकताय. सावली आत्ताच गेली.”

सरांनी उन्हासाठी धरलेली छत्री मिटली, पाइपापाशी गेले, कमरेत वाकून फटीतून आत पाहिलं. कागदावर गोल, अखंड उजेड पडला होता. मापांना सावली नव्हती, बाटल्यांना नव्हती. बांगड्या विकणारी एक म्हातारी पाय उचलून खाली बघत होती. “आगं, माजी कुटं गेली?” ती शेजारणीला विचारत होती, आणि शेजारीण स्वतःची शोधण्यात गुंग होती. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळा बाजारच वाजवायला लागला. तेरखेडकर सरपंचांना मिठी मारत होते. मी रडत होतो आणि त्याची मला लाज वाटत नव्हती.

सर सरळ उभे राहिले. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला, एकदा खाकरले, आणि वर्गात बोलावं तसं बोलले, “याचं बरोबर आहे. माझं चुकलं होतं. गेल्या वर्षीही माझंच चुकलं होतं.” मग भोंगा तसाच चालू ठेवून माझ्याकडं वळले. “आता सांग, सावली परत निघेल ती कोणत्या बाजूला, आणि का? सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग.”

मी सांगू लागलो.