तिथीची पाऊणपट

कोकणचा किनारा मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने टप्प्याटप्प्याने चालायला घेतला होता. दर हिवाळ्यात तीन दिवस. नियम एकच, गेल्या वर्षी थांबलो तिथूनच पुढे निघायचं. तीन टप्पे झाले आणि नवऱ्याची बँकेतून कोलकात्याला बदली झाली. आम्ही तिथल्या बेहाला भागात बिऱ्हाड मांडलं. बहीण म्हणाली, "ताई, तुझ्यासाठी थांबते गं मी." थांबतेय कसली! पुढच्याच हिवाळ्यात पुण्यातल्या तिच्या शेजारणीला घेऊन निघाली.

फोटो यायचे. सुरूची बनं, ओली वाळू, आणि मधोमध ती शेजारीण, डोक्यावर माझी टोपी. माझी! बहिणीकडे राहिलेली. इथे मी बसमध्ये लोंबकळतेय आणि ती बया माझ्या टोपीत माझा समुद्र बघतेय. नुसता जळफळाट व्हायचा माझा.

एक गोष्ट मात्र अजून माझ्याकडे होती. भरती-ओहोटीची वेळ मी सांगायची. एका कोळणीने मला हिशेब शिकवला होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. षष्ठी असली तर सहाची पाऊणपट, पहाटे साडेचारला भरती, म्हणजे साडेदहाला पूर्ण ओहोटी. वाटेत समुद्रात घुसलेला कडा आला की त्याच्या खालची वाट ओहोटीतच पार करायची. आदल्या दिवशी बहिणीचा फोन यायचाच आणि मी कॅलेंडर बघून ऐटीत वेळ सांगायचे.

यंदा जानेवारीत फोन आला तेव्हा मागे ती शेजारीण खिदळत होती. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी षष्ठी होती. मी म्हटलं, "साडेबाराला निघा. त्याआधी पाऊल टाकू नका." बसा म्हटलं दोन तास उन्हात!

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कोलकात्यातच गार्डन रीचला एका रेल्वेवाल्या मराठी घरी हळदीकुंकू होतं, लांबून येणाऱ्यांसाठी दुपारचं ठेवलेलं. गच्चीवरून गंगा दिसत होती. समुद्राच्या भरतीने तिचंही पाणी चढत होतं, घाटाची एकेक पायरी बुडत होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. साडेबाराला निघाल्या तर भरती त्यांना अर्ध्या वाटेत गाठणार. अगं बाई, काय करून बसले मी हे! हातात वाण तसंच धरून मी फोन लावत राहिले. लागेचना.

संध्याकाळी तिचाच फोन आला. "पोचलो गं ताई. मस्त झालं."

"साडेबाराला निघालात?"

"छे, साडेदहालाच. फोनमध्ये ॲप आहे ना, त्यातच बघतो आम्ही, पहिल्यापासून."

"मग मला कशाला विचारतेस?"

"तुला बरं वाटतं म्हणून. माझ्याबरोबर चालते ना, हीच म्हणाली होती, ताईंना विचारत जा, त्यांना तुटल्यासारखं वाटायला नको."

बहीण सुखरूप होती. मी देवापुढे साखर ठेवली, रडलेसुद्धा. पण माझ्याकडे उरलेलं तेवढंही त्या बाईनेच मला दिलेलं होतं, हे मात्र काही केल्या सहन होईना.